पडलेल्या दाताची सुरमई

चंद्रमौळी राव यांनी उभ्या जन्मात मासा खाल्लेला नाही, गळ टाकलेला नाही, आणि मरीना चौपाटी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ असून समुद्रात घोट्याच्या वर पाय बुडवलेला नाही. तरीही चेन्नईत हौसेने मासेमारी करणारे आम्ही जे मूठभर वेडे आहोत, त्यांचे निम्मे लुअर या गृहस्थांच्या कृपेने अजून पोहताहेत.

लुअर म्हणजे नकली मासा. कडक प्लॅस्टिकचा, आतून पोकळ, पोटाखाली गळ लटकवलेले आणि हनुवटीशी एक पारदर्शक पट्टी. दोरी ओढली की पट्टी पाणी कापते आणि तो जिवंत असल्यासारखा वळवळतो. मोठा मासा फसून झडप घालतो. मग पट्टी मोडते, अंगाला फट पडते, पोटात पाणी शिरतं आणि महागामोलाचा लुअर कुशीवर तरंगू लागतो. तो टाकून द्यायला माझा जीव होत नाही. नवरा म्हणतो, कोकणस्थांची मुलगी, दुसरं काय होणार. म्हणू दे.

या रावकाकांची गाठ पडली ती माझ्या दाढेमुळे. मी वेलचेरीत दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून बसले होते आणि तशा अवस्थेतही मोडक्या लुअरचं रडगाणं गात होते. डॉक्टर म्हणाले, तिरुवल्लिकेणीत एक राव सार आहेत, आमच्या कवळ्या तेच करायचे, त्यांना दाखवा. मशीनवर दात बनायला लागल्यापासून ते घरीच असतात.

गेले. अरुंद गल्ली, जुनं घर, पुढे ओटा. ओट्यावर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी चष्म्याची काडी जोडत होते. माझं नाव ऐकून त्यांनी मान वर केली. "मराठी का? आम्हीही मराठीच, मा. तंजावरचे." मग आत वळून, "वसंता, कापी आण. आपली मुलगी आली आहे." त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे, आणि मधूनच असा एखादा जुना शब्द येतो की मला शाळेतला बखरीचा धडा आठवतो. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी करते, तिथली माझी निम्मी इंग्रजी मराठी ऐकून त्यांनाही काहीतरी आठवत असणारच, पण ते सभ्य आहेत.

पहिला लुअर त्यांनी दुरुस्त करून दिला तेव्हा मी हसून लोटपोट झाले. फट छान बुजली होती, पण हिरड्यांच्या गुलाबी रंगात! कवळीचंच मटेरियल वापरलेलं. वर त्यांनी ते इतकं सढळ हाताने भरलं होतं की लुअर पाण्यात टाकताच पोट दुखणाऱ्या माणसासारखा एका अंगावर कलला. काकांना ते फार लागलं. "कवळीला पोहायचें नसतें, मा," एवढंच म्हणाले. पुढच्या खेपेला पाहिलं तर ओट्यावर पाण्याने भरलेली बादली होती. तेव्हापासून बादलीत सरळ उभा राहिल्याशिवाय एकही लुअर त्यांनी परत दिलेला नाही.

वसंताकाकूंचा कायदा वेगळा. माशाच्या तोंडात गेलेली वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही. गळ काढायचे, कड्या काढायच्या, अंगणातल्या नळाखाली सगळं खळखळून धुवायचं, पुसायचं आणि मगच ओट्यावर ठेवायचं. आम्ही सगळे कुरकुरत धुतो. आणि गंमत अशी की काकूंच्या सोवळ्याने खारं पाणी निघून जातं, त्यामुळे आमचे गळ आता पूर्वीसारखे गंजत नाहीत. मी त्यांना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग समुद्रावरूनच धुवून आणा."

एकदा काकांना विचारलं, इतक्या वर्षांत पेशंट कधी भेटायला यायचे का हो? ते हसले. "त्यांना काय ठाऊक मी आहें म्हणून? मी मागच्या खोलींत. तोंड डॉक्टरांनी पाहायचें, साचा माझ्याकडे यायचा. नीट बसली तर डॉक्टर चांगले. बोचली तर लॅबवाला गाढव." त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पण मला वाईट वाटलं, आणि ते मी तिथल्या तिथे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "कापी निवते आहे."

आता माझ्या बाबांच्या लुअरबद्दल.

बाबा रत्नागिरीला असतात. सारा जन्म भाट्याच्या खाडीत गळ टाकण्यात गेला. मग काचबिंदूने डोळे खाल्ले. शेवटी शेवटी फक्त उजेड आणि सावली कळत होती, तेव्हा मी त्यांना चेन्नईला आणून इथल्या जवळच्या कोवळमच्या वेंकट नावाच्या कोळ्याच्या होडीतून समुद्रात नेलं. त्या दिवशी त्यांच्या गळाला मोठी सुरमई लागली. स्वतः ओढली, कुणाला हात लावू दिला नाही. होडीत आल्यावर तिचा जबडा चाचपून म्हणाले, "म्हातारी आहे गो. माझ्यासारखाच एक दात पडलाय." लुअरच्या पाठीवर तिच्या दातांच्या भोकांची रांग उमटली होती.

नंतर उजेडही गेला. तो लुअर बाबांच्या खिशात राहिला. कुणी भेटायला आलं की ते खुणांवरून अंगठा फिरवत सुरमईची गोष्ट सांगत, आणि पडलेल्या दाताच्या जागी आले की थांबून हसत. इतकं हाताळल्यामुळे अंगाची फट वाढत गेली, पट्टीही तुटली. गणपतीत मी रत्नागिरीला गेले तेव्हा त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. "संक्रांतीला येतोय. तोवर पाण्यात घालण्यासारखा करून ठेव. एकदा जाऊ परत."

मी काकांना सांगितलं, फट बुजवा आणि पट्टी बसवा. आठवड्याने गेले. काकांनी मोठ्या अभिमानाने लुअर पुढे केला. पट्टी झकास, फट कुठे होती ते ओळखू येत नव्हतं. आणि पाठ अगदी गुळगुळीत! सुरमईचा एकेक दात त्यांनी मन लावून बुजवला होता, वर घासून चमक आणली होती. त्यांच्या लेखी भोक म्हणजे खोट, आणि खोट ठेवून माल द्यायचा नाही. बस्स.

माझा पारा चढला. म्हटलं, "हे काय केलंत काका? बाबांना आता दिसत नाही. त्या खुणाच त्यांचे डोळे होते!" आणखीही बोलले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी लुअर माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "चार दिवस दे, मा."

"चार दिवसांत सुरमई कुठून आणणार?" मी म्हटलं आणि निघाले. शेअर ऑटोत बसून रडले.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. गेले तर ओट्यावर प्लॅस्टरचा एक पांढरा मासा ठेवलेला. बाबांचाच लुअर, जसाच्या तसा, मोडक्या पट्टीसकट, पाठीवर भोकांची रांग. काका म्हणाले, "तोंडास हात लावण्याआधीं साचा घ्यायचा. जुनी सवय आहे. माणूस काय, मासा काय. घेऊन फळीवर ठेवला आणि विसरलों." त्या भोकांवरून त्यांनी उलटा साचा काढला होता. त्यात खड्ड्यांच्या जागी टोकं आली, म्हणजे चक्क सुरमईचे दात. मग लुअरच्या पाठीवर मऊ मटेरियलचा थर देऊन त्यांनी ते दात त्यात पुन्हा रोवले होते.

मी पाठीवरून बोट फिरवलं. माझ्या डोळस बोटाला सगळीच भोकं सारखी लागली. बाबांना ती ओळखीची वाटतील का, हे मला कळेना, आणि विचारायचा धीरही होईना.

"एक आहे," काका म्हणाले. "त्यांस आधीं सांग. हें पुन्हा केलेलें आहे म्हणून. न दिसणाऱ्यास फसवूं नये."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाबा आले. विमानतळावरून घरी येतानाच मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "चल त्यांच्याकडेच. तिथेच बघतो."

ओट्यावर बाबा बसले, समोर काका. काकूंनी बाबांसाठी कॉफी आणली, पण दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. काकांनी लुअर बाबांच्या तळहातावर ठेवला. एरवी हातात काही ना काही काम असणारा हा माणूस आपली बोटं एकमेकांत गुंतवून बसला होता.

बाबांचा अंगठा शेपटाकडून निघाला. एकेका भोकावर टेकत, सावकाश पुढे आला. मध्येच थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा तिथेच थांबला.

"आहे," बाबा म्हणाले, आणि हसले. नेहमीच्या जागी, नेहमीसारखे. "पडलेला दातसुद्धा आहे गो!"

माझा जीव भांड्यात पडला. काकांनी उपरण्याने चष्मा पुसायला घेतला.

"जन्मभर रिकामी जागा दिसली कीं दात बसवीत आलों," ते म्हणाले. "येथेंही हात शिवशिवत होता. पण ही एवढी जागा सोडली."

बाबांनी लुअर खिशात ठेवला. मग तोंडात बोट घालून आपली वरची कवळी काढली, रुमालात मांडीवर ठेवली आणि चाचपडत काकांचा हात शोधला. कवळीशिवाय त्यांचे शब्द बोबडे येत होते, पण आम्हा सगळ्यांना कळले.

"ही किती वर्षं वापरतोय. हिच्यावर जेवलो, बोललो, मुलीच्या लग्नात हसलो. कुणी केली, कधी विचारलं नाही. डॉक्टरला पेढे दिले आणि आलो." त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. "त्या माणसाचा नमस्कार राहिलाय माझा. तो तुम्ही घ्या."

काकांनी बाबांच्या मांडीवरची कवळी अलगद आपल्या हातात घेतली. उजेडाकडे धरून सगळीकडून पाहिली.

"चांगली केली आहे," ते म्हणाले. "तुमचा नमस्कार मी घेतला."