पाहुण्याने केलं

आमच्या इमारतीत कुणाच्या शर्टावर शाई सांडली, पडद्याला गंज लागला नाहीतर ठेवणीतल्या कपड्यावर तेल उडालं, की तो कपडा तिसऱ्या मजल्यावर जायचा. तिथे डागकाकू राहतात. हे नाव त्यांना कुणी चिडवायला ठेवलेलं नाही. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरी, टेबलावरची कापडं आणि गिऱ्हाइकांचे कोट धुण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कपडा हातात आला की त्या डाग बघत नाहीत, आधी कपडा उलटा करतात. "वरून काय, सगळंच बरं दिसतं," म्हणतात.

मी त्यांच्या डोक्यावर राहते, म्हणजे चौथ्या मजल्यावर. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, ही माझी नोकरी. संध्याकाळपर्यंत माझं डोकं इतकं तापलेलं असतं की कुणी गोड बोललेलंही सहन होत नाही. डागकाकूंचं चालतं, कारण त्या गोड बोलतच नाहीत.

गेली काही वर्षं त्या मला जिन्यात गाठून एकच विचारायच्या. "अगं, आत येऊन जरा बघ. येतो का वास?"

वास दारातच नाकाला झोंबायचा. मी आत जाऊन उगाच इकडेतिकडे बघायची आणि म्हणायची, "छे, कुठे काय." खोटं बोलणं मला जड जात नाही, उद्या पाणी येईल, असं मी रोज कितीतरी लोकांना सांगत असते.

वास मुताचा होता. सभ्य शब्द शोधला तर सापडेल, पण वास काही सभ्य नव्हता.

तो पाहुण्याचा, असं घरातले म्हणायचे. पाहुणा म्हणजे कुत्रा. काकूंच्या मुलाच्या एका मित्राने परगावी जाताना चार दिवसांसाठी म्हणून आणून सोडला आणि मित्र तिकडचाच झाला. चार दिवसांचा पाहुणा इथेच म्हातारा झाला. काकूंना तो कधीच आवडला नाही. "आयतोबा मेला," म्हणून त्या त्याचं भांडं त्याच्यापुढे आपटायच्या, आणि तोही जेवण झाल्यावर त्यांच्याकडे पाठ करून बसायचा.

घरातले दुसरे म्हातारे म्हणजे काकूंचे यजमान, मीटरकाका. विजेचे मीटर वाचत त्यांनी उभी हयात गल्लोगल्ली घालवली. आता मुलाचं नाव आठवेलच याची खात्री नव्हती, पण भिंतीवर चौकोनी काही दिसलं की त्यासमोर उभे राहून ते आकडे वाचायचे. माझ्याकडे आले की घड्याळासमोर थांबायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "यंदा जरा जास्त जळलंय तुमचं."

"काका, माझं कायमच जास्त जळतं," मी म्हणायची. ते मनापासून हसायचे. हसणं तेवढं शाबूत होतं.

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून काकू सोफ्यामागच्या गालिच्यापाशी जायच्या. ओल ताजी असेल तर चोळायचं नाही. कोरडं फडकं अंथरायचं आणि त्यावर दोन्ही पायांनी उभं राहायचं, म्हणजे अंगाच्या वजनाने ते शोषून घेतं. मग गार पाण्यात व्हिनेगर, मग खायचा सोडा पसरून ठेवायचा. गरम पाण्याने वास मुरतो. सुनेने एकदा फिनाईल ओतलं, तर काकू आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. एवढं करून गालिचा वरून स्वच्छ व्हायचा. पण खाली जाड अस्तर होतं, त्याखाली लाकडी फळ्या, आणि फळ्यांच्या फटींत जे गेलं होतं ते डागकाकूंच्याही हाताबाहेरचं होतं. हवा दमट झाली की वास पुन्हा वर यायचा.

"पाहुण्याने केलं," चहा ओतता ओतता काकू सांगायच्या. "पाहुण्याने केलं," शेजारी बसलेले मीटरकाकाही मान डोलवत म्हणायचे.

एकदा सगळं घर लग्नाला परगावी गेलं आणि पाहुणा माझ्याकडे राहिला. मी जुनी चादर, फडकी, बादली, सगळी जय्यत तयारी ठेवली होती. काहीच लागलं नाही. मी कचेरीतून येईपर्यंत तो दारापाशी कळ काढून बसलेला असायचा, आणि खाली नेलं की कृतज्ञपणे खांबाकडे धावायचा. मंडळी परत आली तेव्हा मी काकूंना जिन्यातच म्हटलं, "तुमचा पाहुणा तर गुणाचा निघाला हो. एक थेंब नाही."

मला वाटलं खूश होतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला माझ्याच घरात ढकलून दार लावलं.

"हे कुणापुढे बोललीस तर बघ."

मग खुर्चीवर बसल्या आणि सांगून टाकलं. "यांचं आहे ते. यांना बाथरूम सापडत नाही गं. भिंत दिसली की उभे राहतात."

त्याआधी मीटरकाका एकदा घरातून निघून गेले होते आणि संध्याकाळी बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडले होते. तेव्हा मुलगा म्हणाला होता, "आई, तुझ्याने होत नाही, माझ्याने होत नाही. आणखी काही एक झालं की बाबांना केंद्रात ठेवायचं." केंद्र म्हणजे विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळायची गावाबाहेरची जागा. काकू गुपचूप जाऊन ती बघूनही आल्या होत्या.

"चादरी चांगल्या धुतात," त्यांनी कबूल केलं. "पण तिथे सगळ्यांना आजोबाच म्हणतात. यांना आजोबा म्हटलं तर हे मागे वळून बघतील, कोण आजोबा आलेत म्हणून." जराशाने म्हणाल्या, "माझी बाही धरल्याशिवाय झोपत नाहीत. कुत्रा आहे तोवर हे घरात आहेत, एवढं समज."

तेव्हापासून मी पाहुण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. काकूही बदलल्या. भात मऊ करून त्याला कालवून द्यायच्या, सांधे दुखतात म्हणून त्याच्या पायांना तेल लावायच्या. शिव्या तेवढ्या तशाच होत्या. इमारतीतले म्हणायचे, काकूंना म्हातारपणी माया फुटली. मला तेव्हा सगळ्यांचा राग यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या कुत्र्याच्या वयाचा.

पण कुत्रा मरायच्या आधीच नातू रांगायला लागला.

सून वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, मला चार शब्द सुनावता आले असते. पोरगं सोफ्यामागे गेलं, ओल्या गालिच्यावर गाल टेकून पडलं आणि तिथली ओल लागलेली मूठ तोंडात घातली. तिने आरडाओरडा केला नाही. त्याला उचललं, धुतलं, आणि नवरा घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आता नाही."

काकूंचा आवाज माझ्या घरात ऐकू येत होता. मी अजून नीट धुईन. कुत्र्याला गॅलरीत बांधीन. रात्री उठून खाली नेईन.

"आई, तुला तर तो आवडतही नाही," मुलगा म्हणाला.

मुलाने त्याच्यासाठी चांगली जागा शोधली, एका मित्राच्या गोदामाचं मोठं आवार. गाडीत बसायला मिळालं म्हणून पाहुणा खुशीत होता. काकूंनी त्याचं भांडं आणि अंगाखालचं गोधडं पिशवीत घालून दिलं. "आयतोबा, तिथे तरी नीट राहा," म्हणाल्या आणि वर निघून आल्या. मीटरकाका गॅलरीतून गाडीला हात करत होते.

त्यानंतर काकू आणखी लवकर उठू लागल्या. ओले पायजमे स्वतःच्या कपड्यांत गुंडाळून धुवायच्या. कधी चहा सांडला, कधी बादली कलंडली, असं सांगायच्या. नातवाचं नाव घ्यायची सोय नव्हती, त्याला सदा लंगोट. मी जिन्यात भेटले की काही न विचारता नुसत्या बघायच्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी माझं जाकीट न्यायला खाली गेले. त्यावरचा ग्रीसचा डाग काकूंनी काढून ठेवला होता. घरातले चहाला बसले होते, काकू जाकीट आणायला आत गेल्या. तेवढ्यात मीटरकाका उठले, सोफ्यामागच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले, आणि मग तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

मुलगा उठून तिथे गेला. काकू जाकीट घेऊन धावत बाहेर आल्या. "माझ्या हातून पाणी सांडलं," म्हणाल्या, हातात पाण्याचं काहीही नसताना.

मीटरकाकांनी वळून पायाखाली बघितलं, मग बायकोच्या तोंडाकडे बघितलं. काहीतरी बिघडलंय आणि ती अडचणीत आहे, एवढं त्यांना कळलं असावं. ते पुढे झाले आणि पाठ झालेलं एकमेव वाक्य त्यांनी मुलाला ठणकावून सांगितलं.

"पाहुण्याने केलं."

मुलगा तिथेच खाली बसला. "कधीपासून, आई?"

काकूंनी माझं जाकीट त्या ओलीवर टाकलं आणि त्यावर दोन्ही पायांनी उभ्या राहिल्या. मुलगा त्यांना खांद्याला धरून बाजूला करत होता आणि त्या हलत नव्हत्या.

महिना सरायच्या आत काका केंद्रात गेले. मुलगा नंतर गोदामावर कुत्र्याला परत आणायलाही जाऊन आला. काय वाटून गेला ते त्यालाच ठाऊक. पाहुणा फाटकाखालून केव्हाच निघून गेला होता.

काकू बसने केंद्रात जातात. काका आता त्यांना "कुणाकडून आलात?" असं विचारतात. बाही धरत नाहीत. "यांच्या अंगाला फिनाईलचा वास येतो गं," एवढं एकदा त्या म्हणाल्या.

गालिचा फेकला, फळ्या नव्या बसवल्या. पोरगं दिवसभर त्यावर रांगतं.

काल त्यांनी मला पुन्हा जिन्यात गाठलं. "अगं, आत येऊन जरा बघ. येतो का वास?"

मी आत गेले. साबणाचा आणि नव्या लाकडाचा वास होता. दुसरं काही नव्हतं. त्या सोफ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"येतो," मी म्हटलं.

"कुठे?"

"तिथेच. तुम्ही उभ्या आहात तिथे."

काकू गुडघ्यांवर बसल्या, फळीला नाक लावलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग उठल्या.

"मला नाही गं येत," म्हणाल्या.