तार तुटलेल्या वस्तीतली निवडणूक

मोहोळहून एसटीनं सोलापुरात उतरलो. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, ताठा होताच, लपवत नाही. कॉलेजातला दोस्त धर्मा आपल्या वस्तीच्या सोसायटीचा चेअरमन व्हायला उभा होता. त्यानंच बोलावलं होतं.

टांगेवाल्याला ‘सेटलमेंट’ म्हणालो.

"तितं? पाकीट आत ठेवा की मास्तर."

मी पाकीट काढून वरच्या खिशात, दिसेल असं ठेवलं.

काही जमाती जन्मानंच गुन्हेगार, असं ठरवून इंग्रजांनी त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं, ती ही वस्ती. आत साहेबाचं राज्य. पाहुण्याकडे जायचं तरी पास. रोज हजेरी (ओळीत उकिडवं बसून आपल्या नावाला ओ देणं). स्वातंत्र्यानंतर तार तोडली, त्याला वीसेक वर्षं झाली. खांब उरलेत, त्यांना दोऱ्या बांधून धुणं वाळत घालतात.

धर्माच्या आईनं भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याचं कोरड्यास (पातळ भाजी) वाढलं. वडील दगडूअण्णा खुशीत होते.

"पोरगा निवडून आला की घरं आमच्या नावावर होत्याल. न्हाय तर त्येच्याविरुद्ध हुबा ऱ्हायलेला त्यो ठेकेदार रस्त्याकडची घरं पाडून दुकानं काढतोय."

"मत नक्की ना, अण्णा?"

"मग? ठेकेदाराला काय पोरगी द्यायचीय मला?"

दुपारी जीप आली. निवडणूक घ्यायला सरकारी कचेरीतले अधिकारी उतरले, मागोमाग ठेकेदार. साहेब खुर्चीत बसले. "ठेकेदारांच्या बाजूनं कोण कोण? नावं घेतो," म्हणाले, आणि एकदम आवाज चढवून पुकारलं, "दगडू बाळा!"

म्हातारा झटकन उकिडवा बसला.

"हजर!"

पुढचं नाव, पुढचा म्हातारा. बघता बघता ओळ बसली.

मी उठलो. "साहेब, ही मतं नाहीत, हजेरी आहे. हात वर करायला सांगा."

"आपण कुठले?"

"मोहोळचा. बी.ए. आहे."

"मग मोहोळात शिकवा."

साहेबांनी बसलेली ओळ मोजली आणि ठेकेदार चेअरमन झाला.

संध्याकाळी चुलीपाशी आई नवऱ्यावर कडाडली, "लेकाच्या हाकंला कदी असं धावला न्हाईसा!"

"नाव आलं की तोंडातनं निघतंच गं. उशीर झाला तर फटका बसायचा."

"जेवा, अण्णा," धर्मा म्हणाला. त्याचं घर रस्त्याकडेच आहे.

परतीच्या एसटीत म्हाताऱ्याचा राग येईना. साहेब माझ्याहून फार मोठे नव्हते. तार तुटली तेव्हा शाळेत असतील. मग नाव कसं पुकारलं की ही माणसं खाली बसतात, हे त्यांना कुणी शिकवलं? कचेरीनंच. तार तोडली, पण ती हाक जपून ठेवली. धर्माच्या बाजूनं कोण कोण, हे तर त्यांनी विचारलंसुद्धा नाही.