उत्तम श्रोता

शाळेत आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. पाहुण्या बाईंनी सगळ्यांना मोबाइलवर स्वभावाची चाचणी सोडवायला लावली. अनोळखी माणसांत तुम्ही स्वतःहून बोलता का? फोन वाजला की लगेच उचलावासा वाटतो का? मी मराठीची मास्तरीण, त्यामुळे प्रश्नांच्या शुद्धलेखनाला मनातल्या मनात नावं ठेवत उत्तरं दिली. निकाल आला : अंतर्मुख, मितभाषी, उत्तम श्रोता. शेजारच्या गणिताच्या बाई वाचून म्हणाल्या, "अगं, तंतोतंत तूच!" सगळे हसले, मीही हसले. पण आतून मला त्या गणिताच्या बाईंचा फार राग आला.

आईला जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

माझ्याबद्दल आईचाही हाच निकाल होता. चाचणीला त्यासाठी तीन शब्द लागले, तिला एक पुरे व्हायचा : घुमी. मनातलं बोलून न दाखवणारी, मख्ख बसून राहणारी पोरगी म्हणजे घुमी. नातेवाइकांत कोणी माझ्याबद्दल कुरकुर केली की ती म्हणायची, "तिचा सभावच आहे तसा, घुमी आहे ते." मला वाचवायची ती.

आणि खरं सांगायचं तर मी घुमी नव्हतेच. अकोल्याच्या बाजारात आई पालेभाजी विकायची. शाळा सुटली की मी तिच्या शेजारी पोत्यावर. "सांभार घ्या, ताजा सांभार!" कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. आईचा आवाज बसला की माझा सुरू व्हायचा. गिऱ्हाइकांशी हुज्जत मी घालायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. आई वैतागून म्हणायची, "तोंड आहे का भोंगा?"

मग बी.एड.ला पुण्यात गेले. पहिल्याच दिवशी मेसमध्ये वरणावर "मले थोडा सांभार द्या" म्हणाले, तर वाढणाऱ्या मावशींनी वरणावर इडलीचं सांबार ओतलं. टेबलावरच्या मुली हसून हसून लोटपोट झाल्या. त्यात दुष्टावा काही नव्हता, आज कोणी सांगितलं तर मीही हसेन. पण त्यानंतर पंधरा दिवस मी तोंड उघडलं नाही. त्या कशा बोलतात ते नुसती ऐकत राहिले. पंधरा दिवसांनी बोलले तेव्हा 'मले'चं 'मला' झालं होतं.

पुढे अमरावतीत नोकरी लागली. मुलांच्या वह्यांत 'मले', 'तुले' आलं की मी लाल गोल करायची. अजूनही करते, पगार त्याचाच मिळतो.

आई बाजारातून घरी आली की रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. तिच्याशी पुस्तकी मराठी बोलायची मला लाज वाटे, आणि वऱ्हाडी बोलायला गेले तर नाटकात काम केल्यासारखं वाटे. म्हणून मी 'हं' म्हणू लागले. 'हं' दोन्हीकडे चालतं. पुढे पुढे ते सोयीचंही झालं. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचा आणि वह्या तपासायला घ्यायच्या. आईचा गुडघा, मेथीला लागलेली अळी, शेजारणीच्या सुनेची तऱ्हा, सगळं एका सुरात चाललेलं असायचं. मधेच ती विचारायची, "आयकून राहिली ना वं?"

"हं."

फोनमधून तिचं 'मले' ऐकू येत असायचं आणि मी वहीतलं 'मले' खोडत असायची.

प्रशिक्षणाहून घरी आल्यावर ती चाचणी मी पुन्हा सोडवली. निकाल तोच आला. खरं तर तोच यावा असं मला वाटत होतं. स्वभावच असेल तर दोष कोणाचा? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून मोकळं होता येतं. पण उत्तरं तर मीच दिली होती. भोंगा म्हणवून घेणाऱ्या त्या पोरीला कोणी विचारलं असतं, तर तिची उत्तरं वेगळी आली असती.

पुढच्या रविवारी अकोल्याला गेले. पाय आपोआप बाजाराकडे वळले. आईच्या जागेशेजारी फुलं विकणाऱ्या मावशी होत्या. दोघींनी उभा जन्म शेजारी बसून काढला. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"तुही माय रोज सांगे मले," त्या म्हणाल्या. "म्हने, माही पोरगी बोलत नाई, पन आयकते सारं. दुसऱ्या कोनापाशी मन मोकळं करतच नोहती ते."

मी खाली वाकले. झेंडूच्या पाकळ्या वेचायला लागले.

"जायच्या आदल्या दिवशी लय हलकी वाटली मले. म्हने, काल फोनवर पोरीले सांगून टाकलं एकदाचं. इतक्या वर्साचं मनात होतं, आता काई नाई राह्यलं." मावशी माझ्याकडे वळल्या. "काय सांगतलं वं तुले?"

त्या संध्याकाळी मी सहामाहीचे पेपर तपासत होते. पेपर आठवतात. एका मुलीचं अक्षर किती सुंदर होतं, तेही आठवतं. आईनं नेहमीपेक्षा जास्त वेळा विचारलं होतं, "आयकून राहिली ना?" आणि मी दरवेळी 'हं' म्हटलं होतं. बाकी एक शब्द आठवत नाही.

मावशींनी हातातला हार बाजूला ठेवला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "राहू दे, नको सांगू. माय-लेकीचं असते काई."

त्यांना वाटलं, मी आईचं गुपित सांभाळते आहे. मला ते माहीतच नाही.