कडबाकुट्टी चालू असताना

यंत्राच्या पोटात कुठली वायर घालायची, हे ठरवणं माझं काम. बारामती एमआयडीसीत आम्ही हातात मावणारी यंत्रं बनवतो. पण त्या दिवशी मी इंदापूरकडे चुलतीच्या घरी होते. वहिनी, म्हणजे तिची सून, लोणी देवकरला माहेरी गेलेली, म्हणून संध्याकाळच्या धारा मीच काढल्या आणि कॅन घेऊन डेअरीवर गेले.

डेअरीवाल्या तात्यांनी दूध तपासणीच्या यंत्राला लावलं आणि म्हणाले, "पाणी हाय."

मी थक्कच झाले. स्वतःच्या हातानं काढलेलं दूध!

"नवं न्हाय हे. लय दिस झालं, तुमच्या घरचं सांजचं दूध असंच येतंय."

तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातली, मोटारीवर चारा कापणारी कडबाकुट्टी थांबली. मी पुन्हा लावायला सांगितलं. दूध चोख! कुट्टी सुरू झाली, की परत पाणी. "तुमचं दूध येतं तवाच ही कुट्टी चालती," तात्या म्हणाले.

तात्यांना यंत्राचं झाकण उघडायला लावलं. बिजागरीतून एक वायर गेली होती. मोटारीच्या विजेचा गोंधळ यंत्रात शिरू नये म्हणून अशा वायरीला आवरण असतं. वायर हलणार नसेल तर चंदेरी कागदाचं चालतं. दिवसभर उघडझाप होणाऱ्या झाकणात मात्र तांब्याच्या तारांची विणलेली जाळीच हवी, ती वाकली तरी टिकते. इथं कागद होता आणि बिजागरीपाशी त्याचे तुकडे झाले होते. यंत्र सडपातळ दिसावं म्हणून कुण्या शहाण्यानं ही बारीक वायर निवडली असणार! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला इतका संताप आला की तात्यांवरच ओरडले.

घरी येऊन म्हटलं, "काकी, दूध चांगलं हाय! यंत्राची वायर खराब होती."

तिला आनंद होईल असं वाटलं होतं. पण हातातलं काम टाकून तिनं विचारलं,

"मंग सुनेनं पाणी घातलंच न्हवतं?"

"वहिनीनं? कोण म्हणालं?"

"म्याच. खंडोबापुढं शपथंसाठी बेल-भंडारा उचलाय लावला तिला. तिनं उचलला. तरी म्या इश्वास ठेवला न्हाय. म्हणून गेली ती."

चुलतीनं फोन माझ्याकडे दिला. "तू सांग तिला."

मी वहिनीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वन्सं," ती म्हणाली, "म्या भंडारा उचलून सांगितलं तवा खोटी. आता वायरीनं सांगितल्यावर खरी व्हय?"