साईंचा पांढरा रुमाल

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, चौथीपर्यंत शिकलेला आणि कुणाचं ऐकायची सवय नसलेला. तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये साईंचं गॅरेज होतं. आता साईं नाहीत.

ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचा हा सिंधी मेकॅनिक गाडीला हात लावायच्या आधी खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढायचा. मालकानं स्वतः गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी ओढायची, रुमालावर थेंब टेकवायचा. लाल उतरला तर साईं हसायचे. काळा उतरला, जळका वास आला, की रुमालाची घडी घालत म्हणायचे, “बैठो भाऊ. आधी चहा पिऊ.” म्हणजे गाडी गेली समजायचं.

माझी गाडी वीस वर्षांची. डावा पाय अपघातात अधू झाला म्हणून बिनक्लचची घेतलेली. आमच्या हिला बारवी धरणाजवळच्या घरून बदलापूरला डायलिसिसला न्यायचो ते तिच्यातूनच. गिअर टाकला की गाडी जरा थांबून धक्का द्यायला लागली, म्हणून साईंकडे नेली.

“तेल बघितलं? इंजिन चालू ठेवून?”

“चाळीस वर्षं ट्रक चालवलाय मी. तेल बंद इंजिनात बघतात. फुल आहे.”

“ट्रकचं वेगळं, भाऊ. ह्यात इंजिन बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं, पट्टी फुल दाखवते. घ्या रुमाल, आपल्या हातानं बघा.”

पाच-सहा गिऱ्हाईकं बघत होती. “मला शिकवू नका,” म्हटलं आणि गाडी काढली.

दोन दिवसांनी धरणाच्या वाटेवर, चढाला, इंजिन नुसतं ओरडायला लागलं. चाकं ओढेनात. गाडी मागे सरकली. कशीबशी सपाटीला आणून उभी केली. अकराला हिचा मशीनवर नंबर, वाटेत एक रिक्षा नाही.

“साईंना फोन करा.”

“दुसरा कुणी बघतो.”

“अहो, मला दम लागलाय. तुमचा मान मागनं सांभाळा!”

पाऊण तासात साईं स्कूटरवर आले. टोमणा नाही, काही नाही. “चालू करा,” म्हणाले आणि रुमाल पुढे केला.

मी पट्टी ओढली. जवळजवळ कोरडी. टोकाला एकच थेंब. तो रुमालावर टेकवला आणि मला बघवेना. काळा असला तर हिला उद्यापासून कशातून न्यायचं?

खिडकीतून हीच ओरडली, “लाल आहे हो!”

साईंनी झिरपणारा पाइपाचा जोड आवळला, थोडं थोडं करत तेल भरलं. गाडीनं चढ घेतला. दवाखान्याच्या फाटकापर्यंत साईं स्कूटरवर मागोमाग आले आणि तिथनंच वळले. सव्वाअकराला हिला मशीनवर घेतलं. मी साईंशी चांगला शब्दसुद्धा बोललो नव्हतो. रुमाल माझ्याच खिशात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत बसून मी तो रुमाल साबणानं चोळला. जन्मात कधी कपडा धुतला नव्हता. ही दारातून बघत राहिली, हसली नाही. डाग काही गेला नाही. वाळवला, इस्त्री करून आणला, आणि कॅम्प चारला जाऊन, भरल्या गॅरेजात, दोन्ही हातांनी साईंना दिला.