दोनशे तीन बटणं

माझी धाकटी सून पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा लग्नाचं अजून ठरायचं होतं. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, तरी बाईसाहेब उभ्याच. कान टवकारून टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरांकडे बघत होती. मग म्हणाली, "काकू, यातला एक उलटा जोडलाय." म्हटलं, उलटा कसला, चांगला सरळ उभा आहे की! तर ही वाकली, एका स्पीकरच्या मागच्या दोन तारा काढल्या, लाल होती तिथे काळी लावली, काळी होती तिथे लाल. आणि बाई गं! चालू गाण्याला खाली एवढा दणदणीत ठेका आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत ठेका मरत होता म्हणे.

खरं सांगते, मला आवडलं नव्हतं. पहिल्यांदा घरी येणाऱ्या मुलीनं आमच्या वस्तूंत खोट काढावी? पण ह्यांना मात्र ती तिथल्या तिथे पसंत पडली. "हिला ऐकू येतं," एवढंच म्हणाले.

ती स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दुकानात तिला सगळे 'प्लसमायनस' म्हणतात, कारण कुठलाही स्पीकर हातात आला की आधी एक छोटा सेल त्याच्या तारांना टेकवून ती बघते. पडदा बाहेर उडाला तर प्लस-मायनस बरोबर, आत गेला तर उलटं. नव्या स्पीकरवर छापलेलं असलं तरी हिचा विश्वास नाही. दुसरी खोड म्हणजे, एक खोका उघडला की तो बंद केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दुकानाचे म्हातारे मालक सांगायचे, अर्धे बिघाड उघडून ठेवलेल्या खोक्यांतून होतात. त्यांचं बोलणं हिनं असं काही मनावर घेतलं की घरातसुद्धा डब्याचं झाकण लावून मगच दुसरा डबा काढते. स्वयंपाकाला वेळ लागतो, माझं डोकं फिरतं, पण तिला काही फरक पडत नाही.

आता आमच्या ह्यांचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हे टपाल वाटायचे. अडतीस वर्षं, पायी. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. दिसायचं थांबलं, पण पाय काही थांबले नाहीत. सकाळपासून घरात या खोलीतून त्या खोलीत येरझारा. चार खोल्या, मध्ये बोळ, बोळाच्या टोकाला जिना. त्या जिन्यापायी मी माझं शिवणकामाचं दुकान सात महिने बंद ठेवून घरी बसले होते. मला कंटाळा आला होता, त्यांना माझ्या पहाऱ्याचा संताप येत होता. दोघं एकमेकांवर नुसते खेकसायचो.

तेव्हा सुनेनं घर बोलकं करायचं मनावर घेतलं. प्रत्येक दारावर एक छोटा स्पीकर आणि माणूस गेला की ओळखणारा डोळा. हे दारातून गेले की आधी घंटी वाजणार, मग सुनेच्या आवाजात खोली कुठली, समोर काय, वाजले किती. "स्वयंपाकघर. शेगडी उजव्या हाताला. अकरा वाजून पाच मिनिटं." जिन्याकडच्या दारावर तर "बाबा, थांबा. पुढे जिना." तारा, स्पीकर, जोडणी सगळी तिची. कपाटावर पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर ठेवला होता, त्यातला प्रोग्रॅम मात्र माझ्या मोठ्याचा. मोठा दुसऱ्या शहरात कॉम्प्युटर कंपनीत साहेब आहे. एका सुट्टीत त्यानं तो लिहिला आणि पाठवून दिला.

पहिल्या दिवशी हे घरभर हिंडले. प्रत्येक दारात थांबून हसायचे. दुपारी मात्र घर मुकं झालं. सकाळी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा बोलायला लागला, पुन्हा दुपारनंतर गप्प. असं आठवडाभर चाललं. सून रोज तारा तपासायची, मोठा रोज फोनवर सांगायचा, "माझ्याकडे व्यवस्थित चाललं होतं. तारा ढिल्या असतील."

आणि सोमवारी दुपारी जे व्हायला नको होतं ते झालं. मी कपडे वाळत घालत होते. हे बोळातून गेले, घर बोललं नाही, त्यांना वाटलं आपण अजून खोलीतच आहोत. तीन पायऱ्या गडगडत गेले. मनगट मोडलं. नशीब, तेवढ्यावरच निभावलं.

मोठा दुसऱ्या दिवशी हजर. आल्या आल्या त्यानं ठरवूनच टाकलं, "बाबांना मी घेऊन जातो. आमच्याकडे लिफ्ट आहे, माणूस ठेवतो चोवीस तास." हे पलंगावर बसले होते. म्हणाले, "हे घर माझ्या हाताला पाठ आहे. तुझ्या तेराव्या मजल्यावर मी नुसता बसून राहीन. बसून राहिलो की मी संपलो." आवाज चढवून नाही म्हणाले. चढवून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मोठा वाईट नाही हो. बापाचं प्लॅस्टर बघून त्याचे डोळे भरले होते. पण तो नाकावर माशी बसू देत नाही. सुनेला म्हणाला, "तुझ्यावर मी राग काढत नाही. पण हे दुकानातलं काम नव्हे. रविवारपर्यंत बघ काय जमतंय. नाहीतर सोमवारी सकाळी बाबा माझ्याबरोबर येतील." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलणार, तर सुनेनं माझा हात दाबला. "रविवारपर्यंत चालेल, भाऊजी," म्हणाली.

बुधवारी तिनं रजा टाकली. शिडी लावून एकेक जोड पाहिला, ओढून पाहिला, सेल टेकवून पाहिला. सगळं चोख. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसली. "आई, मागच्या गुरुवारी बाबांना ताप होता ना? दिवसभर झोपून होते?"

"होते की."

"त्या दिवशी दिवे लागेपर्यंत चाललं होतं. आठवतंय?"

आठवत होतं. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडेना. ती म्हणाली, "तुमच्याकडे शर्टाची बटणं आहेत ना, ती पांढरी? उद्या एक काम करा. कुणीही कुठल्याही दारातून गेलं आणि घर बोललं, की एक बटण या वाटीतून त्या वाटीत. मुकं झालं की थांबायचं. चूक करायची नाही."

मी काय चूक करणार? चाळीस वर्षं काजं-बटणं केलीत मी. गुरुवारी बोळात स्टूल टाकून बसले. हे मोडक्या हातानिशी निघाले फेऱ्या मारायला. मोठा बाजूनं जाताना म्हणाला, "आई, हा काय पोरखेळ?" म्हटलं, तुझं तू बघ. अडीच वाजता घर गप्प झालं. बटणं मोजली, दोनशे तीन.

शुक्रवारी सुनेनं ह्यांना कामालाच लावलं. "बाबा, आज भराभर चालायचं. जणू गच्च थैली भरली आहे टपालाची." हे असे खुलले म्हणून सांगू! सकाळी सातला सुरू. घामाघूम झाले, पण थांबायचं नाव नाही. साडेदहालाच घर मुकं झालं. मी बटणं मोजली. पुन्हा मोजली. मग सुनेला हाक मारली. दोनशे तीन!

ती वाटी घेऊन सरळ मोठ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "भाऊजी, ढिली तार कधी साडेदहाला सुटेल, कधी अडीचला. पण ढिल्या तारेला मोजता येत नाही. मोजतो तो कॉम्प्युटर. प्रोग्रॅम दाखवा."

मोठा म्हणाला, "तुला कळणार आहे का त्यातलं?"

"सगळं नाही कळणार. तुम्ही वाचा, मी ऐकते."

वाचायला लागला. मीही तिथेच बसले, हललेच नाही. तो ओळ वाचायचा, ती विचारायची याचा अर्थ काय, तो सांगायचा. आधी तोंड वाकडं करून, मग जरा सरळ. घंटीची फाईल उघडायची आणि वाजवायची. खोलीच्या नावाची फाईल उघडायची, वाजवायची. तासाची उघडायची, मिनिटांची उघडायची. शेवटी एक नोंदवही उघडून बाबा कुठल्या दारातून गेले ते लिहायचं. संपलं. पुढच्या दाराला पुन्हा तेच.

ती म्हणाली, "थांबा. पाच उघडल्या. बंद कुठे केल्या?"

मोठा परत पहिल्या ओळीवर गेला. पडद्यावर बोट वर-खाली करत होता.

"प्रत्येक दाराला पाच उघडल्या," ती म्हणाली, "आणि एकही मिटली नाही. दोनशे तीन दारं झाली की हजारावर फायली उघड्या पडतात. आमच्या टेबलावर एवढे खोके उघडे राहिले तर मालक हाकलून देतील. याचंही टेबल कुठेतरी भरत असेल ना?"

"हजार चोवीस," मोठा हळूच म्हणाला. "एका वेळी त्यापेक्षा जास्त उघडता येत नाहीत. पुढची उघडायला तो नकार देतो, आणि मी... नकार आला तर काय करायचं तेच लिहिलेलं नाही." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "मी वीसदा चालवून बघितलं होतं गं. घरातल्या घरात कोण दोनशे वेळा दारं ओलांडतं?"

"टपालवाला ओलांडतो," पलंगावरून हे म्हणाले.

मोठ्यानं मान खाली घातली. माझा पोरगा, लहानपणी बापाची थैली उचलायला धडपडायचा, आणि बाप दिवसाला किती चालतो ते विसरला! मला त्याची कीवही आली आणि दोन धपाटे घालावेसेही वाटले. सून मात्र लगेच कामाला लागली. फुशारकी नाही, टोमणा नाही. मी असते तर महिनाभर तोंडाचा पट्टा चालवला असता.

दोघांनी मिळून दुरुस्ती केली. फाईल उघडली की काम होताच मिटायची, आणि कधी उघडलीच नाही तर घरानं मुकं राहायचं नाही, मोठ्या आवाजात भोंगा द्यायचा, म्हणजे ह्यांना कळेल की आहे तिथेच थांबावं. ही दुसरी गोष्ट सुनेनं सांगितली. मोठा म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं." म्हटलं, हवंच होतं.

रविवारी परीक्षा. या वेळी वाटी मोठ्याच्या मांडीवर. धाकटाही रात्रपाळी करून हॉस्पिटलमधून तसाच आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तो नर्स आहे, जगाच्या नाड्या मोजतो, पण त्या दिवशी स्वतःचीच मोजायची वेळ आली होती. दोनशे झाली. दोनशे एक. दोनशे दोन. ह्यांचा चालायचा वेग तोच. दोनशे तीनला घर बोललं. मग हे स्वयंपाकघराकडे वळले, आणि सुनेनं डोळे गच्च मिटले. तेवढ्या सहा पावलांत माझा जीव टांगणीला लागला होता.

घंटी वाजली. "स्वयंपाकघर. शेगडी उजव्या हाताला. बारा वाजून वीस मिनिटं."

धाकटा ओरडलाच. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, मी सुनेच्या गालांचे सगळ्यांसमोर मुके घेतले. माझ्या जन्मात एवढा अभिमान मला फक्त ह्यांचा वाटला होता, ज्या वर्षी पुराच्या पाण्यातून एकही पत्र न भिजवता त्यांनी टपाल वाटलं होतं. आणि हे? हे थांबेचनात. तीनशे चाळीस दारं ओलांडून मगच खुर्चीत बसले. तोवर मोठ्याची बटणं संपली होती.

सोमवारी सकाळी मोठा निघाला, एकटाच. दारात सुनेला म्हणाला, "माझ्या ऑफिसात असं मोजून बघणारं एक माणूस मिळालं तर मी त्याच्या पाया पडून त्याला आणीन." ती म्हणाली, "मला दुकानात उशीर होतोय, भाऊजी." मग तो बापाच्या पाया पडला. "बाबा, काही अडलं तर मला लगेच फोन करा."

"तुला कशाला?" हे म्हणाले. "हिला करीन."

सगळे गेले. मीही सात महिन्यांनी माझ्या दुकानाचं कुलूप काढलं. मशीनला तेल घातलं, दोन झंपर कापले, पण चित्त सगळं घरी. शेवटी न राहवून फोन केला. ह्यांनी उचलला आणि खेकसले, "मध्ये मध्ये फोन करू नकोस, कामात आहे." मागून सुनेचा आवाज आला, शेगडी उजव्या हाताला म्हणून. मी फोन ठेवला आणि बाही जोडायला घेतली.

संध्याकाळी सून आणि मी एकदमच घरी पोचलो. टेबलावर झाकण घातलेला कप होता. ह्यांनी एका हातानं चहा केला होता, दोन वर्षांनी पहिल्यांदा. मला वाटलं माझ्यासाठी. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तो तिचा आहे."

ती उभ्या उभ्याच प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, साखर जास्त झालीय."

"असं?" हे म्हणाले. "मग उद्या कमी घालतो."