आधी यादी

अख्ख्या इंदुरात चांदणीला भिणारी व्यक्ती एकच असावी, आणि ती माझी धाकटी नणंद. आभाळातल्या चांदण्यांवर तिचा रोष नाही; तिचं भय संगणकाच्या पडद्यावरच्या त्या इवल्या, सहा टोकांच्या चांदणीपुरतं आहे. विजय नगरमधल्या एका कचेरीत फायली आपोआप उचलून जागच्या जागी पोचवणारी यंत्रणा ती सांभाळते. यंत्राला प्रत्येक फाईलचं नाव सांगावं लागत नाही. नावाची सुरुवात लिहून पुढे चांदणी ठेवली, की त्या सुरुवातीचं जे जे असेल ते ते यंत्र मुकाट्यानं उचलतं. या ‘जे जे’नंच तिची झोप उडवली आहे. “वहिनी, स्टारला चेहरे दिसत नाहीत,” ती म्हणते, आणि तिची बोटं माठाच्या पाण्यासारखी गार पडतात. म्हणून कोणतीही आज्ञा देण्याआधी ती यंत्राकडून नुसती यादी मागवते आणि काळोख्या जिन्याच्या पायऱ्या पायानं चाचपाव्यात तसं एकेक नाव पुटपुटत वाचते.

हे भय कचेरीतच राहतं तर बरं होतं. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर, वर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा तिखट-आंबट दरवळ नाकात शिरत असताना, ठेलेवाला सवयीनं विचारतो, “दीदी, सब डाल दूँ?” ही पांढरीफटक होते. “भिया, सब में क्या-क्या आता है, पहले वो बताओ!” महूच्या आत्यांनी लग्नाला ‘सहकुटुंब’ बोलावलं, तेव्हा हिनं फोन लावला. “आत्या, सहकुटुंबात नेमकं कोण कोण?” आत्या कडाडल्या, “अगं बाई, दाराशी बसलेलं कुत्रंही घेऊन ये!” हिनं कागदावर निमूट लिहिलं: कुत्रं, एक.

मी तिला फार हसत असे.

दृष्टिहीन मुलांसाठी मी पाठ्यपुस्तकं वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करते. फोन प्रत्येक मुद्रणाला आपणच ‘आवाज’ आणि पुढे आकडा असं नाव देतो आणि ते संगणकावर उतरतं. पाठवून झालेल्या मुद्रणांनी जागा अडवली, तेव्हा मी नणंदेला न विचारता एक व्यवस्था लावली: दर शनिवारी संध्याकाळी सहाला ‘आवाज’ आणि चांदणी, त्यात जे सापडेल ते कायमचं पुसलं जावं. पहिल्याच शनिवारी ती चहाला आली. पावणेसहा झाले होते. मी कौतुकानं सांगितलं, आणि तिनं कप खाली ठेवला.

“वहिनी, आईचं रेकॉर्डिंग?”

“कुठलं गं?”

“दवाखान्यातलं! तुमच्याच फोनवर केलं होतं ना? त्याचं नावही ‘आवाज’च असणार!”

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. माझ्या जिभेवरचं चहातलं आलं एकाएकी कडू झालं. तिनं ती व्यवस्था बंद केली, दोनदा तपासली, मग म्हणाली, “आता हात लावू नका. आधी यादी.”

दोनशे बारा नावं. सारखी, बिनचेहऱ्याची. ती एकेक उघडू लागली. माझाच आवाज: नद्या, खनिजं, पठारं. सहा वाजून गेले. मग एका नावातून सलाईनच्या खोलीतला पंखा घरघरला, आणि त्यामागून खोल, थकलेला स्वर आला: “अगं, हा चालू झाला क्या?... घरी तो बटला तसाच पडला असेल, सोलून घ्या.”

एवढंच, मटार सोलायची आठवण. नणंदेनं ते वेगळ्या जागी ठेवलं, त्याच्या तीन प्रती केल्या. मी डोळे पुसून निवलेला चहा उचलला. ती मात्र हलली नाही.

“उरलेली पण बघून घेऊ. अजून एखादं निघेल.”

यादीत भलतं काही सापडू नये म्हणून जन्मभर जीव मुठीत धरून वाचणारी ती, त्या संध्याकाळी काही सापडावं म्हणून वाचत होती. पठारं संपली, ऋतू संपले, शेवटचं नाव उघडून मिटलं. मग तिनं यादी पुन्हा वर सरकवली आणि पहिल्या नावापासून हलकेच वाचायला घेतली.